हाती अवजारांचं सुतारकाम शिकताना: धारेपासून पहिल्या सांध्यापर्यंत

परंपरागत पद्धतीच्या सुतारशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात स्टूल नाहीतर पेटी बनवायची असते. प्रत्यक्षात सुरुवातीचा मोठा काळ दगडावर पातं घासण्यात आणि एकच फळी सपाट करण्यात जातो. पुष्कळांचा उत्साह इथेच ओसरतो, कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते इथे सांगायचं आहे, आणि सोबत प्रत्येक टप्प्यावर हातानं नेमकं काय करायचं तेही.

यंत्रावर काम करणारा आकड्यांवर भरवसा ठेवतो. जाडी १८ मिलिमीटर म्हणजे १८, मग तसे शंभर तुकडे निघाले तरी एकसारखे. हातकामात आकड्याचं महत्त्व फार थोडं. इथे एक बाजू खरी करायची, बाकीच्या बाजू तिच्यावरून काढायच्या, आणि दुसरा तुकडा पहिल्यावर ठेवून त्याचीच खूण घ्यायची. टेप वापरायचा तो वस्तूचा एकूण आकार ठरवण्यापुरता. सांधा बसतो तो जुळवणीनं. पुढचा प्रत्येक टप्पा या एका गोष्टीवर उभा आहे.

अवजारं किती आणि कोणती

थोडी घ्या. २५ आणि १२ मिलिमीटरच्या दोन पटाश्या, खाच पाडायला ६ किंवा ८ मिलिमीटरची एक जाड पटाशी, एक मधल्या लांबीचा रंधा, एक बारीक दातांची आणि एक मोठ्या दातांची करवत, गुण्या, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ ओढायचं अवजार), खुणेसाठी टोकदार सुरी, मोगरी (लाकडी हातोडा) आणि धार लावायचे दगड. एवढ्यात वर्षभर काम चालतं. १५४५ साली बुडालेली मेरी रोझ ही इंग्रज युद्धनौका १९८२ साली समुद्रातून वर काढली. तिच्यावरच्या सुतारांचे रंधे, मोगरी आणि मोजपट्ट्या आजचा शिकाऊसुद्धा बघताक्षणी ओळखेल. अवजारांची यादी इतक्या शतकांत फारशी वाढलेली नाही.

जुनं अवजार मिळालं तर जरूर घ्या. गंज वरवरचा असेल तर निघून जातो. पण पात्याच्या पाठीवर, धारेजवळ, गंजानं खोल खड्डे पडले असतील तर ते पातं सोडून द्या. त्या खड्ड्यांपर्यंत धार पोचली की ती तिथे तुटकच राहणार.

नवा घेतलेला गुण्यासुद्धा तपासून घ्या. फळीच्या सरळ कडेला तो टेकवून सुरीनं रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर चूक जेवढी दिसते त्याच्या निम्मी असते, आणि असा गुण्या सांध्याच्या कामाला घेऊ नये.

धार

माझं ठाम मत आहे की शिकणाऱ्यानं पहिले काही दिवस लाकडाला हात न लावता फक्त धार लावावी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोरात मारलेली पटाशी रेघ सोडून जाते, हाताला लागते ती अशीच. हात थरथरतो, लाकूड फाटतं, खाच वाकडी जाते अशा नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ धारेत असतं.

धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभागांची जिथे गाठ पडते ती रेषा. एक पृष्ठभाग पात्याची सपाट पाठ, दुसरा पुढचा तिरकस उतार. पाठ खडबडीत असेल तर उतार कितीही घासला तरी उपयोग नाही. म्हणून सुरुवात पाठीपासून करायची. साधारण १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) पाठ पूर्ण टेकवून, धारेजवळचे दोन-तीन सेंटिमीटर एकसारखे चमकेपर्यंत घासायचे. सगळी पाठ घासायची गरज नाही. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण एका पटाशीच्या आयुष्यात ते एकदाच करावं लागतं.

मग उतार. बहुतेक पटाश्यांचा मूळ उतार २५ अंशांचा असतो. तो पूर्ण दगडावर टेकवला की हाताला एक ठाम बैठक जाणवते. तिथून मूठ किंचित उचलून ३० अंशांच्या आसपास आणायची आणि तोच कोन धरून पातं मागेपुढे सरकवायचं. कोन धरायचा तो मनगट आणि कोपर बांधून. हालचाल खांद्यातून आणि पायांतून येऊ द्या. हात दमले की थांबा, कारण दमलेला हात डोलतो आणि उतार गोल होतो.

किती घासायचं? पाठीवरून धारेच्या दिशेनं बोट हलकेच बाहेर सरकवा. धारेवर धातूची अगदी बारीक वळलेली कड बोटाला अडखळेल. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाणवली, की उतार आणि पाठ एकमेकांना भेटले. मधे कुठे ती तुटली असेल तर पुढच्या दगडावर जाऊ नका. घाई नडते ती नेमकी इथे: कड सलग येण्याआधीच बारीक दगड हातात घेतला, तर पातं चकचकीत होतं पण कापत नाही. कड आली की ४००० आणि मग ८००० नंबरच्या दगडावर थोडे थोडे हात मारा, पाठ सपाट टेकवून कड काढून टाका, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर पातं फक्त मागे ओढा.

तपासायचं कसं? धार उजेडासमोर धरा. बोथट जागा पांढऱ्या रेघेसारखी चमकते. खरी धार उजेड परत पाठवत नाही, ती दिसतच नाही. दुसरी कसोटी मऊ लाकडाच्या टोकावर. तंतूंच्या आडव्या छेदावरून पातळ पापुद्रा निघाला आणि मागे चकाकी उरली तर काम झालं. भुगा पडला तर परत दगडाकडे.

दोन गोष्टी आणखी. दगड मधे खोलगट होतो, म्हणून तो वरचेवर सपाट करून घ्यावा. आणि विजेच्या ग्राइंडरवर पातं निळं पडलं, तर त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं असं समजा. तो भाग घासून जाईपर्यंत धार टिकणार नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर दर दोन-चार सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा.

लाकूड वाचायचं कसं

लाकूड कापल्यावरही हलत राहतं. ओलं लाकूड वाळताना त्यातला ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत आकारात फरक पडत नाही, त्याखाली गेलं की ते आकसू लागतं. पण ते सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं आकसतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. रुंद फळी वाटीसारखी वळते ती यामुळे. जुन्या दारांत मधली फळी चौकटीच्या खोबणीत मोकळी ठेवलेली दिसते, तिला सरस लावत नाहीत, त्याचंही कारण हेच. तिला रुंदीत कमीजास्त व्हायला जागा हवी असते. ती चिकटवली तर एक दिवस तडकते.

सरावासाठी सरळ रेषांचं, बिनगाठीचं, मध्यम मऊ आणि चांगलं वाळलेलं लाकूड घ्या. उघड्यावर वाळवलेल्या लाकडाला प्रत्येक इंच जाडीमागे साधारण एक वर्ष लागतं, असा जुना ठोकताळा आहे. झाडाचा ऐन मधला गाभा ज्या फळीत आला असेल ती टाळा, ती बहुधा चिरते.

रंधा मारण्याआधी फळीची जाडीची बाजू बघा. तिथे तंतूंच्या रेषा तिरप्या जाताना दिसतील. रंधा ज्या दिशेला जाणार, त्या दिशेला त्या रेषा पृष्ठभागाकडे वर चढत असल्या पाहिजेत. उलट गेलात तर पातं तंतूंच्या खाली शिरतं आणि लाकूड उपटून काढतं. रेषा नीट दिसत नसतील तर हातानं चाचपा. एका बाजूनं पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, दुसऱ्या बाजूनं खरखरीत.

पहिली खरी बाजू

दोन सारख्या रुंदीच्या सरळ पट्ट्या घ्या, एक फळीच्या या टोकाला आडवी ठेवा, दुसरी त्या टोकाला. डोळा खाली आणून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीची कड बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर फळी पिळलेली नाही. एका बाजूला जास्त फट दिसली तर कोणते दोन समोरासमोरचे कोपरे उंच आहेत ते लगेच कळतं. त्यांवर पेन्सिलीनं गिरगटा आणि आधी तेवढेच कोपरे उतरवा. नवशिके रंधा सरसकट सगळीकडे मारत सुटतात. त्यानं फळी पातळ होते आणि पीळ तसाच राहतो.

जास्त लाकूड काढायचं असेल तेव्हा रंधा तंतूंना आडवा किंवा तिरपा मारा. लाकूड सहज निघतं आणि उपटतही नाही. मग पातं कमी बाहेर ठेवून लांबीच्या दिशेनं या. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, मधे दोन्हींवर, शेवटी मागच्या हातावर. हा बदल जमला नाही तर फळीची दोन्ही टोकं खाली जातात आणि मधे उंचवटा राहतो. पात्यावर चिपब्रेकर (पापुद्रा मोडणारी लोखंडी पट्टी) असेल आणि लाकूड तरीही उपटत असेल, तर तो धारेपासून अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर आणून बघा.

कान उघडे ठेवा. पातं जिथे लाकडाला लागत नाही तिथे आवाज तुटतो. सपाट फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग सळसळ ऐकू येते आणि पापुद्रा अखंड निघतो. उस्ताद पाठमोरे असतानाही "उजवा कोपरा राहिलाय" म्हणतात ते या आवाजावरून.

ही बाजू खरी झाली की तिच्यावर पेन्सिलीनं खूण करा. गोलाकार शेपटी ही जुनी रीत. मग तिला लागून असलेली एक कड गुण्यात आणा आणि तिच्यावर, पहिल्या खुणेकडे टोक करून, बाणाची खूण करा. यापुढे गुण्याचा दांडा आणि गेजचं डोकं या दोन बाजूंनाच टेकवायचं. दुसरीकडे टेकवलं की चूक शिरली. गेज खऱ्या बाजूला टेकवून चारही कडांवर जाडीची रेघ ओढा, समोरची बाजू त्या रेघेपर्यंत उतरवा, तशीच मग रुंदी. टोकं शेवटी, आणि तीही दोन्हीकडून मधे येत. एका दमात आरपार गेलात तर पलीकडची कड ढलपी होऊन निघते.

खुणा आणि करवत

सांध्याच्या खुणा सुरीनं करायच्या. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते. शिवाय सुरी तंतू आधीच कापून ठेवते, त्यामुळे कड स्वच्छ येते आणि पटाशी टेकवली की ती आपसूक त्या चिरेत बसते.

आता खाच-कुसाच्या सांध्याकडे या: एका तुकड्यात खाच पाडायची आणि दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ ठेवायची, तेच कुसू. कुसाची जाडी लाकडाच्या साधारण एकतृतीयांश ठेवतात. २२ मिलिमीटर जाडीच्या लाकडाला ती ७.३ मिलिमीटर होईल, पण तो आकडा विसरा. तुमच्याकडे ८ मिलिमीटरची पटाशी आहे ना, मग कुसू त्या पटाशीएवढं. दोन टोकांच्या गेजची अंतरं पट्टीवर लावू नका, पटाशीच्या पात्यावरच जुळवा. एकदा जुळवलेला गेज न हलवता दोन्ही तुकड्यांवर रेघा ओढा, एकावर खाचेच्या, दुसऱ्यावर कुसाच्या. पटाशी खरी ८ आहे की ७.८, यानं काहीच बिघडत नाही.

करवतीचे दात दोन तऱ्हेचे असतात. लांबीच्या दिशेनं चिरणाऱ्या करवतीचे दात छोट्या पटाश्यांसारखे सरळ, आडवं कापणाऱ्या करवतीचे सुरीसारखे टोकदार. एकीचं काम दुसरीकडून घेतलं तर वेळ जातो आणि काप खडबडीत येतो. जपानी करवती ओढताना कापतात, म्हणून त्यांचं पातं पातळ असू शकतं. ढकलताना कापणारीला जाड किंवा पाठीवर पट्टी असलेलं पातं लागतं. कोणतीही निवडा, पण पहिलं वर्ष एकाच तऱ्हेवर राहा.

मूठ सैल, तर्जनी पात्याच्या दिशेनं पुढे, आणि मनगट, कोपर, खांदा पात्याच्या एका रेषेत. सुरीच्या रेघेच्या टाकाऊ बाजूला पटाशीनं एक उथळ खोबण काढा, करवत तिथे टेकवा, दोन-तीन हलके हात मारून वाट पाडा आणि मग पूर्ण लांबीचे संथ हात. दाबू नका, करवतीचं वजन पुरेसं आहे. कुसू चिरताना आधी एका कोपऱ्यातून तिरकं खाली या, म्हणजे दोन रेघा एकाच वेळी दिसतात. मग तुकडा फिरवून दुसऱ्या कोपऱ्यातून तसंच, आणि शेवटी उरलेला मधला त्रिकोण सरळ खाली. पहिल्या दोन कापांची चीर करवतीला वाट दाखवते.

सराव म्हणून एका रद्दी तुकड्यावर गुण्यानं भरपूर समांतर रेघा ओढा आणि प्रत्येक रेघ अर्धी ठेवून काप घ्या. डाव्या हातानं लिहिणाऱ्यांनी करवत डाव्याच हातात धरावी, उस्ताद उजव्या हाताचे असले तरी.

खाच पाडणं आणि जुळवणं

खाचेची लांबी कुसावरून घ्यायची: कुसू लाकडावर ठेवून दोन्हीकडे सुरी टेकवा. आधी खाच, मग कुसू असा क्रम असेल तर उलट, कुसाची रुंदी खाचेवरून. दोन्ही चालतं, कारण दोन्हीत माप एकाच तुकड्यावरून दुसऱ्यावर जातं.

लाकूड शेगड्यात (आवळून धरणाऱ्या शिकंजात) किंवा बाकावर पक्कं धरा आणि त्याच्या टोकाशी उभे राहा, बाजूला नको. टोकाशी उभं राहिलं की पटाशी डावी-उजवीकडे कलली तर लगेच दिसते. खाचेच्या दोन्ही टोकांना तीनेक मिलिमीटर लाकूड सोडा आणि आतल्या भागात पटाशी खडी धरून मोगरीचे ठोके द्या, थोडी पुढे सरका, पुन्हा ठोके. तुकडे सुटत जातील. सोडलेली टोकं अगदी शेवटी, रेघेवर पटाशी टेकवून. पटाशी उपसताना टेकू देऊन जोर लावावा लागतो, तो तुमच्या शेवटच्या रेघेवर पडून ती चेपू नये म्हणून ही जागा राखायची. आरपार खाच असेल तर निम्मी एका बाजूनं, निम्मी दुसऱ्या बाजूनं.

आता जुळवणी. कुसू हाताच्या दाबानं अर्धं जावं, उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. जोरानं ठोकावं लागलं तर थांबा, नाहीतर खाचेचं लाकूड फाटेल. कुसावर पेन्सिलीनं गिरगटून ते आत घाला आणि बाहेर काढा. जिथे पेन्सिल पुसून चकाकली तिथेच ते अडतंय. तेवढंच पटाशीनं खरवडा. खाचेला हात लावू नका, दुरुस्ती नेहमी कुसावर. सैल झालं तर रंध्याचा एक पापुद्रा कुसाच्या गालावर, म्हणजे रुंद सपाट बाजूवर, सरसानं चिकटवून पुन्हा उतरवा. यात लाजण्यासारखं काही नाही, जुन्या सामानात असे पापुद्रे सापडतात.

सांधा कायमचा आवळायचा असेल तर खुंटीची एक फार सुंदर जुनी युक्ती आहे. खाचेच्या लाकडातून आरपार भोक पाडा, कुसू आत बसवून त्या भोकाची खूण कुसावर घ्या, आणि कुसावरचं भोक खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या पायरीच्या, बाजूला एक-दीड मिलिमीटर सरकवून पाडा. खुंटी ठोकली की ती दोन भोकं एका ओळीत आणायला बघते आणि कुसू आत ओढलं जातं. खुंटी चिरून नको, फाडून काढलेल्या लाकडाची हवी, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात आणि ती वाकते पण मोडत नाही.

सरस वापरायचा तर तो रात्रभर पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. उकळू देऊ नका, त्यानं त्याची पकड जाते. ऊब आणि ओलावा दिला की सरसाचा सांधा पुन्हा सुटतो, म्हणून जुन्या वस्तूंची डागडुजी करणारे आजही तोच पसंत करतात.

शेवटच्या सफाईबद्दल थोडंच. धारदार रंध्यातून निघालेल्या पृष्ठभागाला पॉलिश पेपरची गरज नसते. जवसाचं तेल पातळ लावा आणि पुसा. मात्र तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. पेपर घासायचाच असेल तर तोंडाला मास्क हवा, लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं सिद्ध झालेलं आहे. आणि पटाशी चालवताना दोन्ही हात कायम धारेच्या मागे.

कोणत्या क्रमानं काय बनवावं

स्वीडनमधल्या नेस इथे १८७० च्या दशकापासून ऑटो सालोमोन यांनी हस्तकलेच्या शिक्षणाची जी पद्धत रुजवली, तिच्यात वस्तू सोप्याकडून अवघडाकडे रचलेल्या होत्या आणि प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडणारी होती. हा विचार मला आजही योग्य वाटतो. नुसते नमुन्याचे सांधे कापून टाकून दिले की हात शिकतो, पण जबाबदारी शिकत नाही.

पहिली वस्तू करवतीच्या कामाचा अडणा: एक सपाट फळी आणि तिच्या दोन टोकांना उलटसुलट बाजूंनी बसवलेल्या दोन पट्ट्या. यात खरी बाजू, गुण्या आणि सरळ काप येतात, आणि वस्तू रोज कामाला येते. दुसरी मोगरी. तिच्या डोक्यातली आरपार खाच वरच्या बाजूला किंचित रुंद ठेवायची आणि दांडाही तसाच वर रुंद होत गेलेला. तो वरून घातला की प्रत्येक ठोक्याबरोबर डोकं आणखी घट्ट बसतं. इथे पहिल्यांदा तिरप्या खाचेची ओळख होते. तिसरं, चार पायांचं बुटकं स्टूल, आडव्या पट्ट्यांसकट. तिथे आठ सांधे एकाच वेळी जुळवावे लागतात. म्हणून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंवर एकच अंक लिहून ठेवा, पहिल्या खाचेचं कुसू तिसऱ्या खाचेत नीट बसणार नाही. डोव्हटेलची, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट दातांच्या सांध्याची, पेटी त्यानंतर. मऊ लाकडात तिच्या शेपटीचा उतार ६ ला १ आणि कठीण लाकडात ८ ला १ ठेवतात.

शिकवणाऱ्याकडून काय घ्यायचं, तेही ठरवून जा. तोंडी सूचना कमी मिळतील, आणि मिळाल्या तरी फार उपयोगी पडणार नाहीत. त्यांचे पाय कुठे आहेत, पटाशी दगडावर नेण्याआधी ते कुठे बघतात, रंधा परत आणताना उचलतात की ओढतात, हे बघा. जपानमधल्या इसे इथलं मंदिर दर २० वर्षांनी नव्यानं बांधतात. मागचं बांधकाम २०१३ साली पुरं झालं, पुढचं २०३३ साली आहे. एका खेपेला जो शिकाऊ म्हणून लाकडं उचलतो, तो पुढच्या खेपेला जाणता म्हणून शिकवू शकतो. फ्रान्समधली कॉम्पान्योनाजची परंपरा, जिच्यात तरुण कारागीर गावोगावच्या उस्तादांकडे राहून शिकत फिरतात, २०१० साली युनेस्कोच्या यादीत आली. दोन्ही ठिकाणी ज्ञान टिकलं ते शेजारी उभं राहून काम केल्यामुळे.

म्हणून कार्यशाळा निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: शिकवणारे स्वतःचं काम तिथेच, तुमच्यासमोर करतात का? करत असतील तर त्यांच्या बाकाला लागून असलेला बाक मागून घ्या.